शिट्टीही वाजेल, पोपटही राहील

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण जमिनीवर अस्तराचं कापड पसरलंय, तेव्हा मशीनवर बसूनच हात जोडते. तुझा रक्तदाब कसा आहे? तुझं पत्र वाचून माझा वाढला, निदान ते लिहून तुझा तरी उतरला असेल. वहिनीची कंबर आणि सूनबाईची परीक्षा दोन्ही ठीक असाव्यात. इकडे आम्ही दोघं, आणि तू ज्याला 'ते पाखरू' म्हणतोस तो, असे तिघं मजेत आहोत.

'पोपट महिनाअखेर पक्षीवाल्याला देऊन टाक, नाहीतर दुकान बसेल' हा तुझा हुकूम पोचला. देणार नाही. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण तू मोठा भाऊ आहेस, म्हणून कारणंही ऐक.

तू आला होतास तेव्हा हवालदार (त्याचं नाव, दिवसभर हजेरी घेतो म्हणून) किंचाळायचा, हे मान्य. मी मधल्या खोलीतून उठून पुढे दुकानात गेले, की तो घर डोक्यावर घ्यायचा. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दोनदा खाली आल्या. दुसऱ्यांदा आल्या त्या आमच्याकडे कुणी कुणाला मारतंय का ते बघायला. तू सांगितलंस तशी पिंजऱ्यावर चादर टाकली, तर तो अंधारात किंचाळू लागला, एवढाच फरक. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी (वयानं लहान आहेत, पण समोरच्याचं ऐकून घेतात, आपल्या घराण्यात हा गुण नाही) सांगितलं, की तो त्रास देत नाही, विचारतोय. थव्यातलं कुणी दिसेनासं झालं की बाकीचे हाक घालतात, आहेस का? तिकडून 'आहे' आलं की आपापल्या उद्योगाला लागतात, नाही आलं की आकांत. तेव्हा एक छोटासा आवाज ठरवायचा. त्यानं तो काढला की जिथे असू तिथून लगेच उत्तर द्यायचं, आणि किंचाळला तर तोंडातून ब्र काढायचा नाही.

मी शिट्टी ठरवली. दोन सुरांची, चढती. आता तुला आठवत असेल, नऊ वर्षांची असताना मी गच्चीवर शिट्टी वाजवली आणि तू धावत जाऊन आईला सांगितलंस. मुलीनं शिट्टी वाजवली म्हणून त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत खोलीत कोंडलं होतं. (तू नाक्यावर काय वाजवायचास ते मी कधी बोलले नाही, वहिनीसमोर आजही बोलणार नाही.) एकोणपन्नास वर्षांनी पुन्हा तोंडाचा चंबू केला, तर नुसती हवा. पंधरा दिवस घरभर फुंकर मारत हिंडले. सोळाव्या दिवशी बटणं लावता लावता वाजली. दादा, पहिला झगा शिवून दिला त्या दिवशीही मला इतकी ऐट आली नव्हती.

मग एके दिवशी बँकेतले साहेब कोटाचं माप द्यायला आले. मी त्यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळली, आकडा वाचला, आणि नेमकी तेव्हाच आतून हवालदाराची आयुष्यातली पहिली चोख शिट्टी आली. उत्तर लगेच द्यायचं असा नियम. मी दिलं. साहेबांनी आधी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बाई, एवढंही काही वाढलेलं नाही." पोपटाचं सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. आत नेऊन दाखवला, तर हा साळसूदासारखा एका पायावर डोळे मिटून उभा. साहेबांनी कोट दुसरीकडे शिवला. शिवू देत. परवा रस्त्यात पाहिला, दोन्ही खांद्यांवर झोळ आहे.

त्याहून मोठा घोळ यांच्यामुळे झाला. हे (तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांचे शब्द वाचता वाचता स्वतःचे संपले) काहीही विचारा, "हं" म्हणतात. हवालदाराला वाटलं असावं, शिट्टीला दम लागतो, "हं"ला लागत नाही. मी दुकानातून विचारलं, पडदे धुवायला काढू का, आतून "हं". जुनी आरामखुर्ची वरच्या बाईंना देऊन टाकू का, "हं". दहा दिवस आमचा संसार असा सुरळीत चालला, की मला वाटलं, उतारवयात माणूस सुधारतो. मग एका सकाळी मी विचारलं, "दादाला सरळ नाही म्हणून कळवू का?" आतून स्वच्छ "हं" आलं, आणि त्याच क्षणी हे भाजीची पिशवी घेऊन रस्त्यावरून दारात शिरले. आरामखुर्ची यांचीच होती. आठवडाभर घरात शोधत होते. विचारत मात्र नव्हते.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "हं"ला उत्तर नाही, शिट्टीला सूर्यफुलाची बी. आता तो दिवसातून चाळीसदा विचारतो आणि मी हातातली कात्री न थांबवता चाळीसदा सांगते, की आहे. मी बाहेर असले, तर वरच्या बाई वह्या तपासता तपासता खिडकीतून उत्तर देतात (आरामखुर्चीत बसून). किंचाळणं बंद आहे, दुकान चालू आहे. मी दिसले नाही तर मी कुठे आहे असं इतक्या वेळा आजवर मला कुणीही विचारलेलं नाही. तूही नाहीस, तेव्हा त्याला देण्याबद्दल तू बोलू नकोस. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. मला आता कोण खोलीत कोंडतं ते बघतेच.

वहिनीला नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद, तुला दोन्हींपैकी जे पटेल ते.

तुझी,
धाकटी

ता. क. सांगायचं राहिलं. माझ्या पित्ताशयात खडे निघालेत. सोमवारी ऑपरेशन, मग चार-पाच दिवस दवाखान्यात. विशेष काही नाही. पण वरच्या बाई नेमक्या शाळेच्या सहलीला चालल्यात, आणि यांना शिट्टी येत नाही. दोघं एकमेकांना "हं" म्हणत बसतील आणि शेवटी एक किंचाळेल. तेव्हा तू येऊन राहा. सूर दोन आहेत, आल्यावर शिकवीन.

ता. क. दुसरा. हे पत्र यांना वाचायला दिलं होतं. लाल पेन घेऊन बसले, ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका काढल्या, आणि दवाखान्याच्या ओळीपाशी समासात खूण केली. "इथे एक वाक्य गळालंय," म्हणाले. कुठलं, म्हटलं. "भीती वाटते, हे." यांनी दाखवलेली चूक मी पहिल्यांदाच मान्य करत नाही आणि ते वाक्य मी घालणार नाही. तू मात्र सोमवारपर्यंत थांबू नकोस. शनिवारीच ये.