डाव्या ताटातली साखर

बाई, आज आठवीच्या वर्गात काउंटेबल-अनकाउंटेबल नाउन्स शिकवून झाले. दोन तासांत. मुलांनी पेन, बटाटा, पाणी, दूध दोन रकान्यांत लिहिलं आणि धडा संपला. मग तुम्हाला अख्खा पावसाळा का लागला? हा प्रश्न जुनाच आहे, पण आज तो पाठ सोडत नाहीये.

आपल्या नाशिक रोडच्या शाळेत तुम्ही टेबलावर दोन ताटं मांडायचात. मोजता येतात त्या वस्तू डाव्या ताटात, येत नाहीत त्या उजव्या. दर सोमवारी तुमच्या पिशवीतून केळी, लिंबं, तांदूळ, तूरडाळ निघायची. ज्याचा हात पहिला वर, त्याने वस्तू ताटात ठेवायची. बरोबर आलं की ती त्याचीच. नमुन्याला मूठभर तांदूळ पुरले असते, तुम्ही किलोभर आणायचात. केळी-लिंबं कुणालाही मिळायची, डाळ-तांदळाच्या वेळी मात्र तुमची नजर थेट माझ्या बाकावर. का, बाई?

त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले होते आणि पावसाळ्यात आईचं द्राक्षबागेतलं काम बंद होतं. माझ्या हातातली पिशवी बघून ती डोळे बारीक करायची. "दर टायमाला तूच कशी गं जिंकती? बाकीच्यांना काय येतच नाय का? बाईंना दया आली असंल, तर आत्ताच्या आत्ता परत देऊन ये."

"मला इंग्रजी लय चांगलं येतं, आई," मी म्हणायचे. पण तिचा संशय मलाही चिकटला.

म्हणून एका सोमवारी मी तुमचीच परीक्षा घेतली. साखरेची पिशवी मुद्दाम डाव्या ताटात ठेवली. एका चुकीसाठी तासभर उभं करणाऱ्या तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बरोबर. घेऊन जा." मागची एक मुलगी "पण बाई..." म्हणाली, तिला तुम्ही खाली बसवलंत. मला तुमचा इतका राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं.

घरी आईने विचारलं, "आज काय बरोबर आलं?" मी म्हटलं, "साखर." त्या दिवशी घरात गोड चहा झाला.

आई अजून शेजारणींना माझ्या इंग्रजीचं कौतुक सांगते. तिच्या हाती लागू नये म्हणून हे पत्र मी मुलांच्या वह्यांखाली सरकवतेय. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, की तो माझा नुसता संशय होता. खोटं आहे, बाई. मला तेव्हाच सगळं कळलं होतं. आणि पुढच्या सोमवारी पहिला हात माझाच होता.