चार डहाळ्या

दि. ९ एप्रिल, मंगळवार
शिक्षकांची खोली, मधली सुट्टी

चि. धाकटोबांना ताईचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा दोन कमी.

इकडे सर्व क्षेम आहे. आईचा गुडघा होता तसाच आहे. तू बसवून दिलेली कवळी ती जेवताना काढून ठेवते आणि पाहुणे आले की लावते. विचारलं तर म्हणते, "शोभेची वस्तू शोभेपुरतीच." दंतवैद्याच्या आईनं असं बोलू नये, पण तुझ्या धंद्याची अब्रू मी किती ठिकाणी सांभाळू?

तुझं पाकीट काल आलं. गुळगुळीत कागदावरचं प्रदर्शनाचं आमंत्रण आणि त्यावर तुझं छायाचित्र: नाचऱ्या पक्ष्याची मादी, शेपटीचा पंखा उघडलेला, घरट्यात तीन चोची वर. पहिलं पारितोषिक. अशा वेळी अभिनंदन म्हणायचं असतं, म्हणून मी ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. जमेना.

वर तुझी चिठ्ठी: "ताई, चित्राखाली दोन ओळींचा श्लोक दे. भारदस्त. विषय वात्सल्य."

वात्सल्य. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "काय हो, घरून वाईट बातमी?" म्हटलं, "नाही, बक्षीस लागलंय." त्या अजून माझ्याकडे संशयानं बघतात.

श्लोक मिळणार नाही. संस्कृतात पक्ष्यालाही द्विज म्हणतात आणि दातालाही, कारण दोघेही दोनदा जन्मतात. तुझी हौस पहिल्याची आणि पोट दुसऱ्यावर, म्हणून आजवर मी तुला चिडवत आले. आता चिडवत नाही. तुझ्या खुर्चीत माणूस आ करून बसला की मध्ये येईल ते बाजूला सारायचं, उजेड पाडायचा, जागा स्वच्छ दिसली पाहिजे, ही तुझी पंचवीस वर्षांची सवय. घरट्यासमोरही तू तेच केलंस.

आपल्या निसर्ग-छायाचित्र मंडळाचा नियम तुला पाठ आहे. घरट्याआड फांदी आली तर ती सुतळीनं हळूच बाजूला ओढायची, पाच मिनिटांत फोटो घ्यायचे आणि सुतळी सोडायची. कापायचं काही नाही. कात्री पिशवीतसुद्धा आणायची नाही. शाळेच्या वाचनालयामागचं ते झाड मी तुला दाखवलं तेव्हा पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. मी चहाचा थर्मास आणायला या खोलीत आले. जाऊन यायला दहा मिनिटं. परतले तेव्हा चार डहाळ्या खाली पडल्या होत्या, अगदी सारख्या लांबीच्या, नीट कापलेल्या. तुझा हात चांगला आहे हे मान्य.

तू म्हणालास, "ताई, बघ तरी, कसा उजेड आलाय."

त्या डहाळ्या तिथे शोभेसाठी नव्हत्या रे. साडेदहानंतर त्या बाजूला ऊन उतरतं. एवढंसं घरटं, कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं, चहाच्या कपात मावेल असं. त्या पक्षिणीनं अख्खं झाड हिंडून ती सावली निवडली होती. तुझ्या दवाखान्याला जागा शोधताना तू निदान दलाल तरी गाठला होतास.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुसरा तास संपवून मी झाडापाशी गेले. ती घरट्याच्या काठावर दोन्ही पंख पसरून उभी होती, चोच उघडी, धापा टाकत. तिच्या पंखांखाली एक पिल्लू हलत होतं. दोन हलत नव्हती. मी ओढणी काढून वरच्या फांदीला बांधली आणि तिसऱ्या तासाला गेले. वर्गात कुठला धडा घेतला, आठवत नाही. बुधवारी घरटं रिकामं होतं. ओढणी तिथेच होती.

आता तू म्हणशील, ताई, तू तर फोनवर सांगितलंस की उडाली. सांगितलं. दोन आठवड्यांनी तू विचारलंस, "पिल्लांचं काय झालं?" आणि मी म्हणाले, "उडाली, तिन्ही." तू ते स्पर्धेच्या अर्जात लिहिलंस. आमंत्रणावर छापूनही आलंय: "तिन्ही पिल्ले सुखरूप उडाली. माहिती: छायाचित्रकाराची भगिनी, मंडळाच्या नियमावलीच्या लेखिका." भगिनी हा शब्द मला फार आवडायचा.

कालपासून मी तुझ्यावर संतापले आहे. रात्री आईवरही ओरडले, कवळीवरून. सकाळी आरशापुढे केस विंचरताना मनात तुला बोलत होते आणि एका वाक्यापाशी अडले. ते इथे लिहून टाकते, नाहीतर पत्र खोटं होईल.

तू "बघ तरी" म्हणालास तेव्हा मी बघितलं. तुझ्या कॅमेऱ्यातून नाही, माझ्या. डहाळ्या उचलून परत बांधायला सुतळी माझ्या पिशवीत होती. मी तुला "हलू नकोस" एवढंच म्हणाले आणि अकरा फोटो काढले. सातवा तुझ्यापेक्षा चांगला आलाय. स्पर्धेला पाठवला नाही, तो काही सज्जनपणानं नव्हे. पकडले जाईन म्हणून. तू निदान उघडपणे बक्षीस घेतोयस. मी नियम लिहिला, मोडला आणि तुझ्या बक्षिसाला खोटी माहिती पुरवली. कालपासून तुझ्यावर रागावून मी स्वतःला त्यातून सोडवून घेत होते.

तरीही तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. तो मोजूनच ठेवलाय, त्यातला माझा माझ्याकडे घेतला, तुझा तुला पाठवते आहे.

प्रदर्शन रविवारी उघडणार. मंडळाची बैठक शुक्रवारी सहाला. तिथे मी अकराच्या अकरा फोटो मांडून सगळं सांगणार आहे, सोमवार आणि बुधवारसकट. नियमावलीवरून माझं नाव काढायला चिटणिसांना आजच लिहिलंय. तुझ्या डहाळ्यांबद्दल मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही. ते तू तिथे येऊन स्वतः सांगावंस आणि चित्र मागे घ्यावंस. नाही आलास तर तेही मीच सांगेन. सांगताना माझा आवाज फाटेल आणि गणिताच्या बाई, त्याही मंडळातल्याच, पहिल्या रांगेत असतील, एवढा विचार कर.

तास लागला. बास करते.

शुक्रवारी सहापर्यंत तुझा फोन न उचलणारी,
तुझी सख्खी
ताई