सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा बंद! सकाळपासून तिसऱ्यांदा. काही सूचना नाही, काही नाही — स्क्रीन काळी आणि पंखा गप्प. पैठणीच्या पदराचा अख्खा डावा कोपरा गेला. दोन पोपट आणि त्यांच्यामधली वेल, चौकट न् चौकट हाताने रंगवलेली. शेवटचं सेव्ह केलं होतं अकराला, बंद पडला पावणेएकला. चूक माझी, मान्य. पण दर दोन मिनिटांनी सेव्ह करत बसू की रंग भरू?

येवल्याहून विणकर दिनेशचा फोन. माग मोकळा पडलाय, पदराचा नकाशा कधी देताय, असं विचारत होता. उद्या, म्हटलं. खोटं बोलले.

४ नोव्हेंबर

कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतली धूळ बघून माझी मलाच लाज वाटली. जुन्या ब्रशने सगळी काढली, पंखा मोकळा केला. दुपारभर छान चालला.

चार वाजून दहा मिनिटांनी बंद.

६ नोव्हेंबर

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला जीवन आज उगवला. फोन केला होता परवा! आधी म्हणाला, गरम होतोय. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली — बंद. मग पॉवर सप्लाय बदलला — बंद. मग कुठूनसा जुना यूपीएस आणून जोडला, तो दोन मिनिटं ओरडला आणि कॉम्प्युटरला घेऊनच झोपला. शेवटी म्हणाला, मॅडम, मदरबोर्ड गेलाय. वर विचारतो कसा, इंटरनेटवरून काही भलतंसलतं उतरवून घेता का? वीस वर्षं हे काम करतेय मी. समोर बाई दिसली की यांना व्हायरसच आठवतो.

मदरबोर्ड बदलणार नाही. आधी मला कळू दे काय झालंय ते.

८ नोव्हेंबर, शनिवार

रिक्षात मांडीवर डबा घेऊन नाशिकरोडला गेले, धाकट्या बहिणीकडे. प्रतिभाच्या जेवणाच्या टेबलावर लावला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच — एकदाही बंद नाही! दोन्ही पोपट परत काढून झाले. प्रतिभा म्हणाली, ताई, हा ठणठणीत आहे. गडबड तुझ्या घरात आहे.

इंदिरानगरला परत आणला, लावला. वीस मिनिटं चालला. या वेळी डोळे उघडे ठेवून बसले होते. आधी ट्यूबलाइट मिचकली, मग हा गेला. म्हणजे पाच दिवस मी नको त्याच्यावर चिडत होते.

९ नोव्हेंबर

खाली चिमाजीबाबांकडे गेले. घरमालक. निफाडची द्राक्षबाग मुलाकडे सोपवून इथे येऊन राहिलेत. कधीही जा, दार चार बोटं उघडतात आणि फटीतून बोलतात. वायरिंग तपासून घ्यायला हवं, म्हटलं. म्हणाले, "आमच्याकडं काय नाय. तुमचं मशीनच खराब हाय."

दार बंद. माझं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं.

१० नोव्हेंबर

आज सहा वेळा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मीच वायरमन आणला — बारकू. जिन्याखालचा मीटरचा डबा उघडून त्याने टॉर्च मारला आणि मला बोलावलं. न्यूट्रलची वायर जोडाशी जळून काळी पडलेली. बोट लावलं तरी हलते. "ताई, हे आजच बदला. नाहीतर एक दिवस सगळं पेटेल." तासभर दोन्ही मजल्यांची लाइट घालवावी लागेल म्हणाला.

तेवढ्यात चिमाजीबाबा बाहेर आले आणि डब्याला पाठ लावून उभे राहिले. लाइट बंद करायची नाय. दहा मिनिटंसुद्धा नाय. का, ते सांगेनात. बारकूने समजावलं, मी समजावलं. मग माझा तोल गेला. शेजारपाजारच्या खिडक्यांत माणसं आली इतक्या मोठ्याने मी म्हणाले, "घरात माणसं जळाली तरी चालतील, तुमचा टीव्ही बंद पडायला नको!"

ते खाली बघत राहिले. हलले मात्र नाहीत. बारकू हत्यारं आवरून निघून गेला.

वर आले आणि दार आपटलं. असली माणसं! वीज कंपनीत लेखी तक्रार देणार.

१२ नोव्हेंबर

तक्रार दिली. उद्या माणसं पाठवतो म्हणाले. आता बघू म्हातारा कसा अडवतो ते.

दिनेशने दुसऱ्या कुणाचा तरी नकाशा मागावर चढवला. मेसेजमध्ये फक्त 'सॉरी ताई' लिहिलंय.

१३ नोव्हेंबर

कंपनीची माणसं आली. चिमाजीबाबांनी माझं मनगट धरलं आणि घरात नेलं. आतल्या खोलीत पलंगावर त्यांची बायको, नवसाबाई. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, प्लग भिंतीत. लाइट मिचकली की तेही बंद पडतं, मग बाबा उठून परत चालू करतात. कोपऱ्यात भरलेला सिलिंडर आहे, पण त्याची चावी त्यांच्या हाताला फिरत नाही.

"तिला असं कुणी पाह्यलेलं आवडत नाय," एवढंच म्हणाले.

पाच महिने यांच्या डोक्यावर राहतेय. घरात कोण कोण आहे, एकदाही विचारलं नाही मी.

चावी मी फिरवली. नळी जोडली. मग बाहेर सांगितलं, घालवा लाइट. चाळीस मिनिटं पलंगाशी बसले. नवसाबाईंनी बराच वेळ तोंड भिंतीकडे ठेवलं होतं. मग वळून विचारलं,

"वरती दिवसभर काय करती गं तू?"