कानातलं काढल्याशिवाय आत नाही

प्रिय तिलेक,

तुझा फोन लागत नाही. लागला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘अपा, कामावर आहे, नंतर करतो’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. घोडीला शिंगरू झालं, छप्पर अजून गळतंय, तुझ्या वडिलांना ते अजून दिसत नाही. पण डोकं फिरलंय ते नुरझातमुळे. निदान कालपर्यंत तरी मी सगळ्यांना तसंच सांगत होते.

माझी खोली तू काचेतून पाहिली आहेस. नवजात बाळांची सलाईनं आम्ही तिथे तयार करतो. वीतभर जीव, आणि औषध थेट रक्तात. जरा कुठे घाण गेली की बाळ हातचं जातं. म्हणून आत जाताना अंगठी नाही, कानातलं नाही, भुवयांना रंग नाही. कोपरापर्यंत हात घासायचे, मग टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे. त्यानंतर नाक खाजलं तरी सोसायचं. परवा मोठे डॉक्टर मनगटावर घड्याळ मिरवत आत शिरले. “बुरुल, दोन मिनिटांचं तर काम आहे!” म्हणाले. त्यांना मी सगळ्यांदेखत बाहेर काढलं. मग माझ्याच होणाऱ्या सुनेला मी कोणत्या तोंडाने सूट देऊ?

नुरझात वसंतात आमच्याकडे लागली. कामाला अशी नेटकी, की मला वाटलं, चला, आता माझी पाठ मोकळी होईल. आणि पहिल्याच दिवशी टोपीखाली कानातलं! तेच, दोन वर्षांपूर्वी तू कामासाठी रशियात, कझानला जायच्या आधी सगळ्या नातलगांसमोर मी तिच्या कानात घातलेलं. काढ म्हटल्यावर पोरगी पांढरीफटक पडली. “अपा, तुम्हीच घातलंत आणि तुम्हीच काढायला सांगता?” सासूने घातलेलं मुलीने स्वतः उतरवलं म्हणजे सोयरीक तिने मोडली, हे मला काय कळत नाही? पण बाळांना आपले रीतिरिवाज कोण समजावणार? आमच्या सफाईवाल्या, साऱ्यांच्या थोरल्या ताई झूरा एजेंनी तर तोंडाचा पट्टाच सोडला. “बघा गं, सासूच नवरीला हाकलायला निघाली!” दुसऱ्या दिवशी नुरझात कानांवर चिकटपट्टी लावून आली. मी म्हटलं, पट्टीखाली घाम येत नाही वाटतं? तेव्हा हनुवटी वर करून म्हणाली, “तिलेक येऊ दे. तो म्हणाला तर काढीन.” झालं! तेव्हापासून ती काचेबाहेर बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. आणि येत्या सोमवारी तिची परीक्षा. आत उभं राहून औषध तयार करून दाखवलं नाही, तर ही जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

तिची आई घरी येऊन गेली. चहाला हातही लावला नाही. “बुरुल, माझी मुलगी नको असेल तर सरळ सांग. नियमाच्या आड लपू नकोस.” माझा इतका संताप झाला म्हणून सांगू! माझा तिलेक तसा नाही, तो शब्दाचा पक्का आहे, असं तिला ठणकावून सांगितलं मी. वसंतात येतो म्हणाला होता, काम निघालं. उन्हाळ्यात येतो म्हणाला, पुन्हा काम निघालं. तुझी बाजू घेऊन घेऊन माझा घसा बसला, तिलेक.

मग रविवारी तुझ्याच कामावरचा कुबात कझानहून सुट्टीवर आला. जेवता जेवता त्याने सहज फोनमधला फोटो पुढे केला. तुझ्या कडेवर एक मुलगी, शेजारी तिची आई. वर्षाची तरी असेल. कपाळ थेट तुझं. कुबातला वाटलं, आम्हाला सगळं ठाऊक आहे. मी ताटं उचलली. काल नुरझातला हात धुवायच्या बेसिनपाशी बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. ती रडली नाही. नुसती मान कलती करून तिने कान माझ्यापुढे केला. झूरा एजेंसकट सगळ्यांसमोर ते कानातलं मी माझ्या हाताने काढलं आणि तिच्याच मुठीत दिलं. सोयरीक आपल्या घराने मोडली, तिने नाही, हे साऱ्या नारीन गावाला कळू दे. मग तिने कोपरापर्यंत हात घासले आणि ती आत गेली. मी बाहेरच थांबले, कारण डोळे पुसलेल्या हातांनी मला आत जाता येत नव्हतं. हे पत्र एवढ्यासाठीच, की तिला सांगायचं काम तुझं होतं आणि ते मला करावं लागलं. याची लाज तुला वाटत नसेल, तर मला वाटते. आता एक तरी काम स्वतः कर. माझ्या नातीचं नाव मला कुबातच्या तोंडून ऐकायचं नाही. मी त्याला विचारलेलं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
अपा