गाण्यापुरतं रिकामं घर

२९ ऑगस्ट १९९३, रविवार

मंडळाची पोरं आली होती. यंदा गणपतीत काहीतरी वेगळं हवंय म्हणे. "काकू, तुमचं ते इंग्रजी गाणं होऊन जाऊ द्या!" मी हो म्हणून बसले.

ते इंग्रजी गाणं म्हणजे जॅझ. वडील रेल्वेत होते, सिकंदराबादच्या क्वार्टरमध्ये शेजारी एक अँग्लो-इंडियन बाई राहायच्या, त्यांनी शिकवलं. तालाच्या पुढे धावायचं नाही, थोडं मागे रेंगाळायचं. बाजारात आईचा पदर धरून पोर चालतं तसं. लग्न होऊन लातूरला आले आणि ते सगळं न्हाणीघरात गेलं. बंबाचा आवाज असतो तिथे, कोणाला ऐकू जात नाही.

आता चाळिशीला टेकले. एकदा तरी माणसांसमोर गाणार. बस्स.

२ सप्टेंबर, गुरुवार

पण गायचं कुठे? सकाळी माझी शाळा. पहाटे आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत ह्यांचे गणिताचे वर्ग. उमरी, नायगाव, उदगीर, कुठकुठली पोरं सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. बोर्डात कोणी झळकलं की पुढच्या वर्षी दुप्पट पोरं! गल्लीत प्रत्येक घरावर कुठल्या ना कुठल्या विषयाची पाटी लागलीय. उरली दुपार, तर दुपारी आतल्या खोलीत मनूचा अभ्यास. बारावी. "सरांची मुलगी" म्हणून तिच्यावर सगळ्या लातूरचे डोळे. मी नुसतं गुणगुणले तरी आतून, "आई, प्लीज!"

५ सप्टेंबर, रविवार

मल्लिकार्जुनकडे गेले. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. माणूस उदगीरचा, फुंक अशी की देवाने दिलीय! त्याच्या गोदामात लाल कोट टांगलेले, ढोलांवर धूळ. सिकंदराबादच्या बाईंनी दिलेली कॅसेट लावली. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "बाई, ह्या माणसाला घरी जायची घाईच न्हाई बगा."

बरोब्बर! हेच तर मला इतकी वर्षं कोणाला समजावता येत नव्हतं.

व्यंकट म्हणून त्यांचा ताशावाला आहे. त्याला सांगितलं, काठ्या नकोत. त्याने झाडायचा फडा उसवला आणि शिंदीच्या काड्यांनी ताशा घासला. सळसळ सळसळ. अंगावर काटा आला. पण गोदामात सारखी लोकांची ये-जा. बाई माणूस बँडवाल्यांत काय करते म्हणून दारात पोरं गोळा झाली. तिथे नाही जमायचं. घरीच पाहिजे.

१० सप्टेंबर, शुक्रवार

आज जेवताना मीच विषय काढला. मंडळाचा भोंगा बरोबर आमच्या खिडकीसमोर लागतो. दहा दिवस सकाळपासून आरत्या, गाणी, संगीत खुर्ची. पोरीचा अभ्यास कसा व्हायचा? एक तारखेला ह्यांची मोठी टेस्ट. मग तिला अक्काकडे पाठवू या ना! गंगम्मा अक्का, माझी थोरली बहीण. किल्लारीच्या पलीकडे तिचं गाव. भोंगा नाही, टीव्ही नाही, दगडी घर, आत थंडगार.

हे चक्क खूश झाले. "सगळी दुनिया पोरं लातूरला पाठवून राहिली, अन् आपण उलटं!" म्हणाले आणि हसले. मनू म्हणाली, "आणि तुझं गाणं?"

म्हटलं, "गाणं काय, पुढच्या वर्षी ऐक."

इथे खरं लिहिते. भोंगा आहेच, अभ्यास आहेच. पण मला दुपारचं रिकामं घर हवं होतं. आणि ती समोर बसली असती तर मला गाताच आलं नसतं. जगात सगळ्यात जास्त मी तिलाच भिते.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

मनूला अक्काकडे सोडून आले. पिशवीभर पुस्तकं, भडंगाचा डबा. आल्याआल्या अक्काने पोरीची अलाबला घेतली, गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "हाडं राहिली की गं नुसती! काय खायला घालता का पाढेच?" मागची खोली दिली. हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर माळवद, लाकडांवर मातीचं सपाट छत. पावसाची गळती नको म्हणून दाजींनी यंदा त्यावर आणखी पांढरी माती टाकलीय. बाहेरचा आवाज येतच नाही. अभ्यासाला ह्याहून चांगली खोली कुठली!

निघताना मनू एस.टी.च्या खिडकीशी आली. काहीतरी बोलायचं होतं तिला. गाडी सुटली.

२० सप्टेंबर, सोमवार

घर रिकामं! दुपारी मल्लिकार्जुन आणि व्यंकट मागच्या दाराने आले. खिडक्या लावल्या. गायले. पहिलं कडवं घाबरत, आणि मग काय झालं कोण जाणे! शब्द संपल्यावरही थांबले नाही, नुसते सूर, दा-बा-डी-बा, क्लॅरनेट मागे, मी पुढे, परत ते पुढे. बाहेर भोंग्यावर आरती, आत आम्ही.

कित्येक वर्षांत इतकी सुखी नव्हते. लाज वाटते, पण लिहिते.

२२ सप्टेंबर, बुधवार

मनूचा फोन, तिथल्या पोस्टातून. खरखर फार. "आई, इथे रात्री जमीन गुरगुरते."

"म्हणजे?"

"म्हणजे गुरगुरते. भांडी वाजतात फळीवरची. मावशी म्हणते रोजचंच आहे. मी येऊ का घरी?"

ह्यांना सांगितलं. हे हातावरची खडूची धूळ झटकत म्हणाले, "टेस्ट जवळ आली की पोरांची पोटं दुखतात. हिची जमीन गुरगुरून राहिली! बहाणे." मीही हसले. दुपारी गायलेसुद्धा. पण आज खालचे सूर लागेनात.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

रात्री नीट झोप नाही. मागच्या वर्षीही त्या भागात धक्के बसले होते, तेव्हा महिनाभर माणसं अंगणात झोपली. पुढे काही झालं नाही, थंडी वाढली, सगळी आत गेली. आता कोणी विचारतही नाही.

ह्यांना म्हटलं, आणू या का तिला? म्हणाले, "तूच पाठवलीस ना?"

खरं आहे.

२६ सप्टेंबर, रविवार

राहवेना. सकाळच्या गाडीने अक्काकडे गेले. मनूचा चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. तरी अभ्यास केलाय, वह्या भरल्यात.

जेवण झालं. अक्का मला पान लावून देत होती. आणि तो आवाज आला. कानाने ऐकला असं म्हणता येत नाही, आधी तळपायाला कळला. खर्जाच्याही खाली. माणसाच्या गळ्यातून निघणार नाही इतका खाली. मग फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणले. दावणीचा बैल उभा राहिला. आणि गप्प. सगळं गप्प. झाडावरचे कावळेसुद्धा.

माझ्या हातातलं पान खाली पडलं. अक्का हसली. "भ्याली का गं? लई दिस झाले असंच हाय. गुरगुरतंय अन् गप बसतंय. म्हातारं माणूस खोकल्यावानी."

"अक्का, बाहेर झोपत जा ना तुम्ही."

"पाऊस हाय की वरून. अन् जवान पोरीला उघड्यावर झोपवू? लोकं काय म्हणतील? आत दाराला कडी घालून झोपतो आमी, तू नको घोर करू."

मला बरं वाटलं ते ऐकून. जवान पोर, कडी, जाड भिंती. आईला दुसरं काय हवं असतं?

मनू वेशीपर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "आई, मंगळवारी येऊ? फक्त गाणं ऐकते आणि परत येते. मागे बसते, तुला दिसणारसुद्धा नाही."

मी म्हटलं, "अजिबात नाही. टेस्ट तोंडावर आलीय. आलीस तर बघ!"

किती मोठ्याने बोलले! वेशीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. पोर मान खाली घालून म्हणाली, "बरं."

एस.टी.त बसले तरी तळपाय थरथरत होते. वाटलं, उतरावं, तिला घेऊन यावं. मग वाटलं, उद्या-परवा दुपारी शेवटची तालीम. नाही उतरले.

२८ सप्टेंबर, मंगळवार

झालं! गायले!

आधी पाककलेची बक्षिसं, मग एका पोराच्या नकला, मग मी. हिरवी इरकल नेसले. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मल्लिकार्जुनने लाल कोट घातला होता, म्हणून पोरं "नवरदेव कुठाय?" ओरडली. पहिल्या गाण्याला आवाज फाटला. डोळे मिटले. दुसरं गाणं संथ, वाट बघणारीचं. व्यंकटच्या काड्या सळसळल्या, क्लॅरनेटने मला हळूच वर उचललं आणि मी गेले! मागे रेंगाळत, कुठे पोचायची घाई नसल्यासारखी. सूर संपला. मग टाळ्या. शिट्ट्यासुद्धा!

हे खांबाला टेकून उभे होते. घरी येताना म्हणाले, "मला काही कळलं नाही. पण पुन्हा म्हण."

मनू असायला हवी होती. आता इतकं वाटतंय! कोणत्या तोंडाने तिला नाही म्हटलं मी?

२९ सप्टेंबर, बुधवार

विसर्जन. गुलालाने गल्ली लाल. मनूचा फोन आला. "कसं झालं गाणं?" सगळं सांगितलं, फाटलेल्या आवाजासकट. ती खुदुखुदु हसत होती. म्हटलं, "मने, उद्या सकाळच्या गाडीने न्यायला येते."

"खरंच? आणि टेस्ट?"

"खड्ड्यात गेली टेस्ट!"

आजच गेले असते, पण मिरवणुकीने रस्ते बंद. हेही म्हणाले, उद्या आण. तिकडेही आज गणपती बोळवून सगळी दमून झोपतील. तिच्या खोलीत नवी चादर घातली. तिच्यासाठी तेलपोळ्या करून ठेवल्यात.

घर फार मोठं वाटायला लागलंय. नको मला असलं रिकामं.

३० सप्टेंबर

पहाटे घर हललं. पलंग सरकला. सगळी गल्ली रस्त्यावर. कोणी म्हणे इथेच होता, कोणी म्हणे किल्लारीकडे. फोन लागत नाही. हे कोणाच्या तरी जीपमधून गेले, मला नेलं नाही. पावसाची भुरभुर.

तेलपोळ्या तशाच.

१ ऑक्टोबर

गाव नाही. ढीग आहेत. कोणतं घर कोणाचं ते कळत नाही. ह्यांनी खोली ओळखली ती वह्यांवरून. अक्का, दाजी, मनू. तिघं एका जागी. दाराची कडी लावलेली होती. वर ती सगळी माती.

माझी मनू गेली.

९ ऑक्टोबर

मंडळाची पोरं कपडे, भांडी गोळा करायला आली होती. मान वर करून माझ्याकडे बघत नव्हती. हे वर्ग घेत नाहीत. तिच्या खोलीत बसतात. मला एकदाच म्हणाले, "तू पाठवलीस." मी म्हटलं, "हो." मला एवढंच धरून बसायला आहे, की ती माझ्यापासून लांब होती. तिला घरात ओढून घ्यायला माझा हात पोचत नव्हता.

१४ ऑक्टोबर

मल्लिकार्जुन आला. आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तोंड न दाखवता बोलला.

"बाई, सांगू का नको, झोप न्हाई मला. मनूताई आल्ती त्या मंगळवारी. मांडवामागं आमच्या ढोलांपाशी बसून समदं ऐकलं तिनं. डोळे पुसत व्हती. म्या म्हणलं, आता आलीच हाईस तर भेट आईला, राहा घरी. न्हाई म्हणली, आई लई रागवंल. शेवटच्या एस.टी.त म्याच बसवून दिलं तिला."