'पाचवा मजला'चं सहावं गाणं

४ जानेवारी १९९९, जुन्नर
शेवटची बॅच सुटल्यावर टायपिंग इन्स्टिट्यूटच्याच मशीनवर माहितीपत्रकाचं दुसरं पान टाइप केलं. 'पाचवा मजला' बँडची कॅसेटवर न आलेली गाणी. एकूण सहा. पाच इकडून तिकडून उतरवून घेतली. सहावं, 'अजून उजेड आहे', नुसतं ऐकलेलं. निरगुडसरला, मंगलच्या नात्यातल्या लग्नात. नवरीचा भाऊ बँडचा ड्रमवाला, म्हणून बँडवाले सगळे आले होते. नंतर बँडच मोडला. मी आणि मंगल स्टेजमागे, जनरेटरजवळ. महिन्याभरात तिचं लग्न, मग सुरत. आख्ख्या जुन्नरात या बँडचं वेड आम्हा दोघींनाच. आता मला एकटीला. त्यात काय मजा.

१९ जाने.
मंगलचं कार्ड. तीन ओळी, पैकी एक: ते लग्नातलं गाणं घावलं का गं, चाल इसरत चाल्ले.
मीही विसरत चाललेय. तिला कसं सांगू? पत्रकबित्रक सगळं निमित्त आहे. मला ते गाणं तिला ऐकवायचंय, बस्स.

२ फेब्रुवारी
रजा टाकून निरगुडसर. लग्नात माइकवरचं सगळं मांडववाले किसनभाऊ टेप करतात म्हणे! हे आधी कळलं असतं तर पुण्याला बँडवाल्यांना इतकी पत्रं कशाला खरडली असती. कॅसेट आहे म्हणाले, माळ्यावर शोधावी लागेल. परतीला एसटीत उभी, तरी हसू आवरेना. शेजारची बाई बघत होती.

१५ फेब्रु.
कॅसेट सापडली. भाऊंच्याच डेकवर लावली. डोकं फिरलं.
गिटार, पहिली ओळ, की लगेच पाहुण्यांचं स्वागत. सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, नवरदेवाचे मामा, मामांचे व्याही. गाणं खाली कुठेतरी, विहिरीतून आल्यासारखं. अर्ध्यातच बंद केलं.
भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, लोकं कॅसेट नावांसाठीच नेत्यात. म्हनून गान्याचा आवाज मीच बारीक केला व्हता."
वर चहा पाजला, कॅसेटही देऊन टाकली. अशा माणसावर रागावणार तरी कसं.

१६ फेब्रु.
घरी पुन्हा लावली, काल राहिलेला भाग. शेवटच्या कडव्यावर माइकवाला: "जुन्नरच्या मंगल आनि शोभा, असतील तितनं मांडवात या. जीप निघालीय, मंडळी खोळंबल्यात."
विसरलेच होते. हाक ऐकल्याबरोबर पळालो होतो आम्ही. मोठ्या शहाण्या मुली ना. म्हणजे शेवट दोघींनीही ऐकलेलाच नाही. टेपवर आहे तो. कान देऊन ऐकला तर कळेल.
बंद केली मी. एकटीने नाही ऐकायचा.

२७ फेब्रु.
ड्रमवाल्याचं उत्तर आलं. स्टुडिओत हे गाणं कधी झालंच नाही. त्याच्याकडेही नाही. म्हणजे जे आहे ते किसनभाऊंचंच.

७ मार्च
पिशवीत टेपरेकॉर्डर घालून एसटीडी बूथवर गेले. मंगलच्या शेजाऱ्यांकडे फोन, तिला बोलावून आणलं. बोल म्हणाली. म्हटलं बोलायचं नाही, ऐक. रिसीव्हर टेपपुढे धरला, आणि माझाही कान तिथेच. बूथवाला काचेतून बघत होता. बघू दे.
चेअरमन, सरपंच, मामा, व्याही. मंगल हसली वाटतं. मग आमची नावं आली आणि पलीकडे एकदम शांत. लाइन कटली की काय...
मग अगदी हळू: "हाक मारत्यात गं. आपुन नाय जायचं. थांब."
थांबले. पार शेवटपर्यंत ऐकलं दोघींनी. रडू येत होतं, बूथवाल्यामुळे आवरलं.
टेप संपली आणि तिकडे मागून तिला खरंच कुणीतरी हाक मारली. गेली ती.

९ मार्च
पत्रकाचं शेवटचं पान. सहाव्या गाण्यापुढे 'अपूर्ण' टाइप करायचं की 'पूर्ण', ठरत नाही. कागद मशीनला तसाच लावून ठेवलाय.