कागदाखालची ओळ

६ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. तेवढे तरी देते.

आई मावशीकडे गेल्या गेल्या तू तिच्या खोलीची भिंत उकरून काढलीस, हे मला मावशीकडून कळावं? ओल होती, मान्य. पण भिंतीला लावलेल्या जुन्या नक्षीच्या कागदाखाली बाबांचं लिहिलेलं होतं. कुठल्याही घरात कागद लावण्याआधी ते भिंतीवर पेन्सिलीने तारीख आणि सोबत कोण होतं ते लिहीत, तुला ठाऊक होतं. एक फोटो काढून पाठवायला तुझे हात झिजले असते का?

आता निदान महिनाभर थांब. नवा गिलावा वाळू दे. बाबा भिंतीला काचेचा तुकडा चिकटवून ठेवत. मागे दव धरलं की भिंत ओली. कागद मी येऊन लावीन. तू हात लावू नकोस.

लोभ आहे, सध्या दिसणार नाही एवढंच.
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, हुकूम समजले. गिलाव्याचे पापुद्रे आईच्या उशीवर पडत होते तेव्हा तू कुठे होतीस? वर्षातून चार दिवस पाहुणी येतेस आणि आम्हाला शिस्त लावून जातेस.

बाबांची ओळ मी वाचली. ‘मी आणि माझी लेक’, खाली तारीख. त्या दिवशी खळ मी ढवळली, बादल्या मी वाहिल्या, शिडी मी धरली. माझा पत्ताच नाही. गवंड्याला म्हटलं, इथूनच सुरुवात कर.

भिंत वाळली आहे, हात फिरवून पाहिला. कागद रविवारीच लावला.

राग नसावा. असला तरी माझी हरकत नाही.
बारक्या

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

कागदाला फोड आलेत, कडा सुटल्यात. हसून घे. आई म्हणते, ताईने लावल्याशिवाय मी त्या खोलीत येणार नाही. मी कामासाठी महिनाभर बाहेरगावी चाललोय, पत्ता मागे आहे. किल्ली शेजारी ठेवतो. यायचं तर मी नसताना ये.

कळावे.
बारक्या

२४ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझा कागद नुसता ओढला तर अख्खा पट्टा हातात आला. एवढी ओल ज्या हाताला कळली नाही, त्याला बाबांनी शिडीच धरायला दिली यात नवल नाही.

मागे तुझी ओळ निघाली. ‘मी आणि माझा मुलगा.’ तारीख तीच, चोवीस वर्षांपूर्वीची, अक्षर हुबेहूब बाबांचं. मी स्टुलावर बसून रडले आणि मग तुझा भयंकर राग आला. जे त्यांनी लिहिलं नाही, ते तू त्यांच्या हाताने लिहिलंस.

पंधरा दिवस काच लावून पाहत होते. काल कोरडी निघाली. ओळ पुसायला फडकं ओलं करून आणलं होतं, ते तसंच वाळलं. तिच्यावरूनच कागद लावला. माझं काही लिहिलं नाही. जोड कुठे दिसला तर दाखव. आई परवा येतेय, तिला यातलं काही बोलू नकोस.

माफ केलंय असं समजू नकोस. शिडी धरायला कुणी नव्हतं, वरचा पट्टा लावताना दोनदा पडता पडता वाचले.
ताई